लाइन मोकळी ठेवा

"आई, रिसीव्हर उचललात का?" मी माडीवरून ओरडले.

"हात लावला नाही!" खालच्या सोप्यातून, म्हणजे बाहेरच्या खोलीतून, उत्तर आलं. "एका हातात कैरी हाय, एका हातात किसणी. पायानं उचलू काय?"

मी परत कॉम्प्युटरकडं वळले. पडद्यावर तीच चौकट. संपर्क तुटला, पुन्हा प्रयत्न करा. सकाळपासून मोडेमचं सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. आधी टकटक करत नंबर फिरवायचा, मग लांब शिट्टी, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा खरखराट. आता जुळलं असं वाटून मी खुर्चीत पुढं सरकले, की एक 'खट'. त्यानंतर मेल्यासारखा गप्प.

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या मे महिन्यातली, जयसिंगपूरची. लग्न होऊन मला वर्ष झालं होतं. मी मूळची फलटणची, इंग्रजी घेऊन एम. ए. केलेली. पुण्यातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीनं मला तिच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करायला दिलं होतं. पाणबुडी पंप विहिरीत कसा सोडावा, केबल कशी जोडावी, मोटार जळू नये म्हणून काय करावं. मला पंपातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तीन आठवडे खपून मी ते पुरं केलं होतं. कंपनीचे करंदीकर म्हणून एक साहेब होते. त्यांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं, "दोनला पुस्तिका छपाईला जाणार. त्याआधी तुमची मेल आली तर हे काम तुमचं, आणि पुढची सगळी कामंही तुमचीच. नाही आली तर इथं एक गृहस्थ तयार बसलेत."

चित्रांसकट ती फाईल एवढी फुगली होती की फ्लॉपीत मावत नव्हती. नाहीतर सांगलीला जाऊन एखाद्या कॅफेतून पाठवली असती. घरूनच पाठवायची, तर सलग वीसेक मिनिटं लाइन हवी होती. आणि मला ती वीस सेकंदही मिळत नव्हती.

मोडेम विकणाऱ्या सांगलीच्या मुलाला सकाळी फोन केला होता. तो म्हणाला, "बंद करून परत चालू करा मॅडम." केलं. "वायर हलवून बघा." हलवली. "फुंकर मारा." मारली. शेवटी म्हणाला, "घरात दुसरा फोन आहे का? कुणी उचलत असेल."

घरात दुसरा फोन होता, आणि त्याच्याशेजारी माझ्या सासूबाई होत्या.

सासूबाईंचं नाव पद्मावती मगदूम. सगळा गाव त्यांना पद्माक्का म्हणायचा. बेळगावपासून सांगलीपर्यंत आमच्या समाजातली निम्मी लग्नं त्यांनी सोप्यातल्या त्या काळ्या फोनवरून जमवली होती. पैसा कधी घेतला नाही. लग्नात मानाची साडी मिळाली की खूष. सकाळी देवळातून आल्या की फोनपाशी बसायच्या, ते दिवेलागणीपर्यंत. मुलीची उंची, मुलाचा पगार, आत्या कुठं दिली, मामा काय करतो, सगळं तोंडपाठ. अशा बाईच्या फोनला मी मोडेम जोडला होता. आणला त्या दिवशी त्यांनी त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पण आठ दिवसांत त्यांचं मत फिरलं.

"तुझं मशीन आल्यापासनं माझ्या फोनात कुणीतरी श्वास घ्यालंय," त्या म्हणायच्या. "आवाज पण बारीक होतोय. मशीनच ते, दुसरं काय!"

मोडेम श्वास घेत नाही हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांना पटलं नाही. आणि मला पक्कं वाटत होतं, की माझी लाइन तुटते ती यांच्याच हातानं, आणि श्वासाचं हे कुभांड त्यांनी मशीन घालवण्यासाठी रचलंय. तोंडावर कुणीच काही बोलत नव्हतं, पण घरात वारं तसं होतं. माझा नवरा भरतेश साखर कारखान्यात केमिस्ट. तो या प्रकरणात दोन्ही बाजूंना "होय की" म्हणून ड्यूटीवर निघून जायचा.

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी जिना उतरून खाली आले.

"आई, राग मानू नका. पण चुकून उचलला जात असेल."

सासूबाईंनी किसणी खाली ठेवली. माझ्याकडं नीट पाहिलं. मग उठल्या, कपाटातनं एक जुना टॉवेल काढला, फोन त्यात गुंडाळला, वर सुतळीनं करकचून बांधला, आणि ते गाठोडं पाटावर ठेवून त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. दोन्ही हात वर केले.

"जा. लाव तुझं मशीन. आणि जिन्यातनं माझ्याकडं बघत ऱ्हा."

मी वर गेले, जोडणीचं बटण दाबलं आणि धावत जिन्याच्या मधल्या पायरीवर आले. तिथनं मला खालच्या सासूबाई दिसत होत्या आणि वरचा मोडेम ऐकू येत होता. टकटक. शिट्टी. खरखराट. सासूबाईंचे हात हवेतच.

खट.

"तुटलं," मी म्हणाले.

"मग?" त्या हात न उतरवता म्हणाल्या. "आता कोण उचललं? शांतिनाथ भगवान?"

त्यांचा राग मावळून त्याची जागा कुतूहलानं घेतली होती. वधू-वर जमवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे शोधायची जी सवय असते, ती आता आमच्याच घरात कामाला आली.

"मशीन काढून टाक वायरीतनं," त्या म्हणाल्या. "नुसता फोन ठेव. मग बघू श्वास कोण घेतंय."

मी मोडेमची वायर उपसून आले. आम्ही गाठोडं सोडलं. रिसीव्हर मधे धरून दोघींनी आपापला एकेक कान लावला. मी एकच आकडा फिरवला, म्हणजे टोन थांबतो. आत शांतता पसरली. मग एक बारीकसा 'खट' झाला आणि आवाज थोडा खोल गेला. सासूबाईंनी माझा दंड धरला.

कुणीतरी श्वास घेत होतं.

आम्ही दोघींनी आपापले श्वास रोखले. तेवढ्यात रिसीव्हरमधनं कुकरची शिट्टी आली. चांगली लांबलचक.

"आपला कुकर?" मी नुसते ओठ हलवले.

सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. आमचा स्वयंपाक केव्हाच झाला होता. आणि तेवढ्यात दुसरी शिट्टी झाली. ती रिसीव्हरमधनं आली तशीच सोप्याच्या भिंतीतनंही आली. आम्ही दोघींनी एकदमच त्या भिंतीकडं पाहिलं.

ती भिंत काही पहिल्यापासनं नव्हती. घर एकच होतं. सहा वर्षांपूर्वी माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले, तेव्हा सोप्याच्या मधोमध ती बांधली होती. वाटणी भावांनी गोडीनं केली. भांडल्या त्या जावा, आणि तेही एका तांब्याच्या बंबावरून. अंघोळीचं पाणी तापवायचा बंब. माझ्या आजेसासूबाईंनी, ज्यांना दोघी आत्या म्हणायच्या, तो नक्की कुणाला दिला होता यावर दोघींचं जे बिनसलं, ते त्या एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. बंब धाकट्या जाऊबाई, रत्नाकाकू, घेऊन गेल्या. त्यानंतर लगेचच काका वारले, सासूबाई जाऊन बसून आल्या, पण बोलणं काही सुरू झालं नाही. काकूंचा मुलगा मस्कतला, मुलगी हुबळीला दिलेली. पलीकडच्या घरात काकू एकट्याच होत्या.

सासूबाईंनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.

"पूर्वी दुसरा फोन स्वयंपाकघरात होता," त्या कुजबुजल्या. "ते स्वयंपाकघर तिच्या वाटणीला गेलं. ह्यांनी मला सांगितलं, तो काढून टाकला म्हणून."

"नसेल काढला."

"तसं म्हणून भागत नाही. ती कबूल व्हायची नाही. उलट माझ्यावरच उलटायची. पुरावा पाहिजे." त्या क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर, एखादं अडलेलं स्थळ जुळल्यावर यायचं तसं हसू आलं. "तू माडीवरच्या खिडकीत जा. तिच्या गच्चीकडं बघत ऱ्हा."

मी खिडकीत जाऊन उभी राहिले. काकूंच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर कुरडया वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र. दुसरं कुणी नव्हतं. खाली सासूबाईंनी नंबर फिरवल्याचा आवाज आला.

"विमल? मी पद्माक्का. होय, होय. त्या शिरोळच्या पोरीचं नंतर बोलू." आवाज नेहमीचाच, निवांत. "अगं, आमच्या शेजारी गंमत बघ. रत्नाच्या जिन्यावरनं शेळी चढली की गच्चीवर. सरळ कुरडयांत तोंड घातलंय. मी काय सांगायला जाऊ? आमचं बोलणं नाही. खाऊ दे पोटभर."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत भिंतीपलीकडं काहीतरी धडामदिशी पडलं. मग जिन्यावर पावलं वाजली, आणि गच्चीच्या दारातनं रत्नाकाकू बाणासारख्या बाहेर आल्या. एका हातात डाव, पदर खोचलेला, केस सुटलेले.

"हॅड! हॅड! मुडदा बशिवला तुझा!"

गच्चीच्या मध्यावर येऊन त्या थांबल्या. कुरडयांकडं पाहिलं. पाण्याच्या टाकीमागं वाकून पाहिलं. मग डाव धरलेला हात हळूहळू खाली आला. त्यांना सगळं कळलं होतं. मान वर करून त्यांनी पाहिलं, तर खिडकीत मी.

मला इतकं हसू येत होतं की मी खिडकीखाली बसले. खाली विमलताईंचा बारीक आवाज फोनमधनं येत होता, "कसली शेळी? अक्का? अगं कसली शेळी?" सासूबाई रिसीव्हर तसाच टाकून केव्हाच परसात पोचल्या होत्या.

परसात दोन्ही घरांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. काकूही जिना उतरून तिथं आल्या. आता आल्या नसत्या तर हार मानल्यासारखं झालं असतं.

"शेळी गेली काय गं?" सासूबाईंनी विचारलं. सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"कुठली शेळी?"

"ते तू सांग. तुला कोण सांगितलं शेळी आलीय म्हणून?"

काकूंनी डाव भिंतीवर ठेवला.

"ऐकतो मी. काय म्हणणं हाय? सहा वर्षं ऐकतो. मधी एक शब्द बोललो काय कधी?"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'बोलतो, जातो' असंच म्हणतात. फलटणहून आले तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी मात्र गंमत वाटायला सवडच मिळाली नाही. माझ्या डोक्यात एकाएकी उजेड पडला होता. दोघी परसात आहेत. म्हणजे दोन्ही फोनांपाशी कुणी नाही!

मी तीन उड्यांत खाली गेले. रिसीव्हर पाटावर तसाच पडला होता. तो नीट ठेवला. मग शेजारच्या घरात उघड्या दारानं शिरले. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, घंटीला चिंधी बांधलेला जुना फोन होता आणि त्याचा रिसीव्हर जमिनीवर पडला होता. तो जागेवर ठेवला, कुकरखालचा गॅसही बंद केला, आणि पळत परत माडीवर. वायर खोचली. टकटक. शिट्टी. खरखराट.

जोडलं गेलं.

मी मेल उघडली, फाईल चिकटवली, पाठवा म्हटलं. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली. खिडकी उघडीच होती.

"लाज वाटत नाही दुसऱ्याचं ऐकायला?" सासूबाई.

"लाज तुम्हाला वाटायला पायजे! निपाणीच्या त्या पोराचा पगार काय सांगितला तुम्ही मुलीच्या बापाला?"

"जो सांगितला तो सांगितला."

"ते पोरगं स्वतः अडखळत होतं. 'साधारण' म्हणालं, दोनदा. ज्याला पगार असतो ते साधारण म्हणत नाही अक्का. मला तर तिथंच ओरडावंसं वाटालं होतं."

"आणि तू मला शिकवालीस? चारशे लग्नं जमवली मी!"

"त्यातल्या हुपरीच्या लग्नाचं काय झालं ते पण बोला की. ती बाई पहिल्या फोनलाच खोटं बोलत होती. मोठी जाऊ कुठं असते विचारल्यावर खोकली. मी ऐकलं. तुम्ही पुढं गेला."

पट्टी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आली होती. मी मनातल्या मनात दोघींना म्हणत होते, भांडा, आणखी भांडा. इतक्या तन्मयतेनं मी आयुष्यात कुणाचं भांडण चालू राहावं अशी इच्छा केली नव्हती. हुपरी झालं, मग अंकलीचा दंतवैद्य झाला, मग कुंभोजच्या जुळ्या बहिणी झाल्या. सहा वर्षांत जमलेल्या आणि फिसकटलेल्या प्रत्येक स्थळाचा काकूंनी पुन्हा पंचनामा केला. पट्टी निम्म्याच्या पुढं गेली.

आणि मग सासूबाई म्हणाल्या, "थांब. साधारण म्हणाला काय? आत्ताच्या आत्ता निपाणीला फोन लावतो आणि पगार विचारतो. हातच्या काकणाला आरसा कशाला!"

सासूबाई वळल्याच होत्या. मी खिडकीतनं निम्मी बाहेर वाकले.

"आई! पण काकू, त्या बंबाचं नक्की काय ठरलं होतं?"

दोघी जागच्या जागी थांबल्या. सासूबाई परत भिंतीकडं फिरल्या.

"बरी आठवण केलीस. विचार तिला! आत्यांनी बंब मला देतो म्हटलं होतं. सगळ्यांसमोर!"

"मला म्हणाल्या होत्या, अंथरुणावर असताना. पाय कोण चेपत होतं त्यांचे?"

"आणि औषध कोण देत होतं?"

पट्टी हळूहळू सरकत होती. मला स्वतःची थोडी लाज वाटत होती, पण पट्टीवरनं नजर हटत नव्हती. बंबावरचं भांडण ऐन रंगात यायला हवं होतं. ते आलं नाही. काकूंचा आवाजच एकदम उतरला.

"घेऊन जावा तो बंब," त्या म्हणाल्या. "काय करू मी त्याचं? एकटीला पाणी लागतं एक बादली. ते गॅसवर तापतंय."

सासूबाई जरा ओशाळून म्हणाल्या, "मला तरी कशाला आता? भरतेशनं गीझर बसवलाय."

भांडण तिथंच संपलं. आता सासूबाई आत येणार, फोन उचलणार, असं मला वाटत होतं. पट्टी शेवटच्या बोटभर जागेत अडकून राहिली होती. खाली बघायला माझा धीर होईना. पण कुणी हललंच नाही.

"रोज ऐकतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज न्हवं. तुमचा फोन वाजला की."

"तो तर दिवसभर वाजतोय."

"मग दिवसभर."

भिंतीवर डाव सरकवल्याचा आवाज आला.

"हे गेल्यावर घरात आवाज म्हणून राहिला नाही, अक्का," काकू म्हणाल्या. "तुमचा तेवढा यायचा. अलीकडं मात्र पंचाईत झालीय. टिंग झालं की तुम्ही फोन लावालाय असं वाटून उचलतो, तर कानात किंकाळी! त्या धसक्यानं आता श्वास पण आवरत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, तुमच्या घरात कुणी गेलं. हातातली कणीक टाकून दारापर्यंत आलो होतो मी."

"मग आत का आली नाहीस?"

"कसं येऊ? बोलणं नव्हतं."

सासूबाईंना आधी हसू फुटलं. मग काकूंनाही. त्या हसण्याच्या नादात कुणीतरी भिंतीवरचा डाव खाली पाडला, तो दगडावर ठणकन वाजला, आणि त्याच वेळी पडद्यावर चौकट आली: संदेश पाठवला गेला.

मी खुर्चीत मागं टेकले. दोनला थोडासाच अवकाश होता.

काम मला मिळालं. पंपांनंतर फवारणीची यंत्रं आली, मग पिठाच्या गिरण्या, आणि मी त्या धंद्यात पडले ती आजतागायत. माझ्यासाठी वेगळी लाइनही त्या दिवाळीआधी घेतली. पण त्या संध्याकाळी भरतेश घरी आला तेव्हा मी त्याला सगळा प्रकार सांगितला आणि म्हटलं, उद्या लाइनमनला बोलावून पलीकडचा फोन काढून घेऊ. तो नेहमीप्रमाणे "होय की" म्हणाला. सासूबाई मात्र कैरीच्या बरणीवर फडकं बांधत म्हणाल्या, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी जिन्यात होते. सासूबाईंनी उचलला. चिकोडीची कुणी बाई आपल्या मुलासाठी स्थळ विचारत होती. मुलगा इंजिनिअर, सरळ नाकाचा, निर्व्यसनी. उंची झाली, आत्या-मामा झाले, घर झालं. सासूबाई "बरं, बरं" करत होत्या. पगाराचा विषय निघाला, बाईनं काहीतरी आकडा सांगितला.

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग रिसीव्हर तसाच कानाला धरून, त्याच आवाजात म्हणाल्या, "रत्ना, तुला काय वाटतंय?"

"कोण रत्ना?" चिकोडीची बाई गोंधळून विचारत होती, मला जिन्यातही ऐकू आलं. मग रिसीव्हरमधनं आणि भिंतीमधनं एकदमच घसा खाकरल्याचा आवाज आला.

"पगार परत विचारा अक्का," काकू म्हणाल्या. "सांगताना अडखळल्या त्या."

आणि चिकोडीच्या त्या बाईनं घाबरून खरा पगार सांगून टाकला.